रात्री दोनला जाग येणारा नायक

पत्र

ताई, नमस्कार. गेली दोन वर्षं मी रहस्यकथांची एक मालिका लिहितेय. निवांत जातीची, जिला इंग्रजीत कोझी मिस्ट्री म्हणतात तशी. रक्तपात पडद्याआड, माणसं ओळखीची, शेवटी सगळं मार्गी लागतं. जागा म्हणजे एक काल्पनिक बेट. वस्ती सहाशेची, दिवसातून दोनदा येणारी बोट. नायक साठी ओलांडलेला, दीपगृहावर आयुष्य काढून निवृत्त झालेला. सगळे त्याला ‘काका’ म्हणतात. त्याला कशाचीच घाई नसते. पहिली कादंबरी पूर्ण करून मी तिघांना वाचायला दिली. एक मैत्रीण म्हणाली, दोनशे पानांत काका खुर्चीतून मोजून चार वेळा उठतात. दुसरीने विचारलं, सहाशे माणसांच्या बेटावर तू एकूण किती खून करणार आहेस? भाऊ म्हणाला, खुनी साठाव्या पानावरच कळला, आणि काकांना धार नाही. त्यांच्यामागे काहीतरी काळं लाव, बुडून गेलेली बायको, सुटता न सुटणारी दारू. तेव्हापासून दुसऱ्या भागाची वही मी उघडलेली नाही. काकांना बदलू, की मालिकाच सोडून देऊ? सोबत पहिली दोन प्रकरणं आणि बाकीच्या कथानकाचा गोषवारा पाठवतेय.
– बेटावर अडकलेली

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

सोडू नका. आणि काकांना बदलूही नका. तुमच्या तिन्ही वाचकांना दुखतंय ते खरं आहे, पण कुठे दुखतंय हे त्यांनी बरोबर सांगितलं असलं तरी औषध मात्र चुकीचं सुचवलंय, भावाने तर फारच.

तुमची दोन प्रकरणं मी दोनदा वाचली. दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर तुम्ही एक वाक्य लिहून गेलायत: रात्री दोनला, पहारा बदलायच्या वेळेला, काकांना अजूनही जाग येते, ते खिडकीशी जाऊन समुद्र बघतात आणि परत झोपतात. एवढं लिहून तुम्ही लगेच मांजराकडे वळलात. मी तिथेच थांबले. तुमची अख्खी मालिका त्या वाक्यात आहे आणि तुम्हीच तिच्यावरून पुढे निघून गेलात.

दीपगृहावरचा माणूस काय करायचा, ते जरा आठवा. रात्रभर दिवा पेटता आणि फिरता ठेवायचा. नोंदवहीत वारा, दृश्यता, येणारीजाणारी जहाजं लिहायची. प्रत्येक दीपगृहाच्या दिव्याची स्वतःची लय असते, इतक्या सेकंदांत इतके झोत. ती मोजूनच खलाशी ओळखतो की हा दिवा कुठला आणि आपण कुठे आहोत. म्हणजे काकांचं सगळं आयुष्य एक लय चुकू न देण्यात आणि समोरच्या समुद्रात नेहमीपेक्षा काय वेगळं आहे ते टिपण्यात गेलं. तीस वर्षं रोज तीच चौकट बघणाऱ्या माणसाला तिच्यात आज एक होडी कमी आहे हे मोजावं लागत नाही, ते त्याला आपसूक खुपतं. घाई करणाऱ्या माणसाला अशी नोकरी जमलीच नसती. तुमच्या काकांचा निवांतपणा हा त्यांच्या कामाने घडवलेला निवांतपणा आहे. आजवर तुम्ही तो स्वभाव म्हणून रंगवलात. तो कसब म्हणून लिहा, म्हणजे तुमच्या मैत्रिणीची तक्रार निम्म्याहून अधिक मिटेल.

आता खुर्चीचं बघू. बसून गुन्हे उकलणाऱ्यांची परंपरा चांगली जुनी आहे, त्यामुळे काका चारच वेळा उठतात याची लाज वाटून घेऊ नका. बॅरोनेस ऑर्क्झीने 1901 साली एक म्हातारा निर्माण केला, जो चहाच्या दुकानातल्या कोपऱ्यात बसून दोरीच्या गाठी मारत एका तरुण बातमीदार मुलीला खुनांचे उलगडे सांगतो. रेक्स स्टाउटचा नीरो वुल्फ 1934 पासून कामासाठी शक्यतो घराबाहेर पडत नाही. पळापळ करायला त्याच्याकडे आर्ची गुडविन आहे. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल 1927 साली पहिल्यांदा छापून आली तीही बैठकीत बसून, इतरांनी सांगितलेल्या हकिकती ऐकत. हे तिघेही बसलेले असतात, पण बाहेरचं जग त्यांच्यापर्यंत येऊन पोचत असतं. तुमच्या पहिल्या प्रकरणात काका सहा पानं बसलेत आणि त्या सहा पानांत त्यांच्यापर्यंत काहीच आलेलं नाही. संध्याकाळ आली, वारा आला, मांजर आलं. बातमी आली नाही, प्रश्न आला नाही, खोटं आलं नाही. वाचक कंटाळला तो इथे.

असं करून बघा. शेजारीण छत्री परत द्यायला येते. येते ती कुरकुरतच, की आज बोट दहा मिनिटं उशिरा सुटली, कुणाची तरी ट्रंक चढवत बसले होते. काका छत्री कोपऱ्यात ठेवतात आणि विचारतात, ‘ट्रंक उचलायला किती जण लागले?’ ती म्हणते, ‘दोघं. आणि तरी धापा टाकत होते.’ मग ती छत्रीच्या मोडलेल्या काडीबद्दल बोलू लागते. प्रसंग संपला. पुढे चाळीस पानांनी ट्रंकेचा मालक सहज म्हणून जातो की मी फक्त कपडे घेऊन गेलो होतो. काका या सगळ्यात उठलेले नाहीत. पण वाचकाने त्यांना काम करताना पाहिलं. एकच प्रश्न, तोही छत्री ठेवता ठेवता. निवांत नायकाच्या तोंडी प्रश्न फार थोडे द्यावेत, आणि त्यातला निदान एक असा असावा की विचारताना तो बिनमहत्त्वाचा वाटेल.

तुमच्या हस्तलिखितातल्या खुर्चीच्या प्रत्येक प्रसंगाला ही कसोटी लावा: कोण आलं, आणि जाताना काय मागे ठेवून गेलं? वस्तू असेल, वाक्य असेल, अर्धवट राहिलेला उसासा असेल. काहीच मागे राहिलं नसेल तर तो प्रसंग काढा, कितीही सुंदर असला तरी. पहिल्या प्रकरणातलं सूर्यास्ताचं दीड पान मला फार आवडलं आणि ते तिथे नको, असं मी मनापासून सांगतेय. एक परिच्छेद ठेवा. उरलेलं जपून ठेवा, उलगड्यानंतरच्या प्रकरणात ते शोभेल, कारण तोवर वाचकाने ती संध्याकाळ कमावलेली असेल.

यामागे आणखी एक गोष्ट आहे, ती मैत्रिणीला नेमकी सांगता आली नसावी. काकांना हवंय काय? पोलिसांना गुन्हेगार हवा असतो, ते त्यांचं काम आहे. ज्या माणसाला कशाचीच घाई नाही तो या भानगडीत पडतो कशाला? तुम्ही लिहिलंय, ‘काकांना कुतूहल वाटलं.’ कुतूहलाने माणूस चौकशी करतो, पण अडीचशे पानं टिकत नाही. मला वाटतं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. रात्री दोनला खिडकीशी गेल्यावर समुद्र नेहमीसारखा दिसला तर त्यांना परत झोप लागते. खुनानंतर ती लागत नाही. बेटाची लय चुकली आहे आणि ज्याने आयुष्यभर लय राखली त्याला चुकलेल्या लयीत झोपता येत नाही. एवढं पुरेसं आहे. आणि किती मानवी आहे ते! त्यांना न्याय मिळवून द्यायचा नाही, हुशारी दाखवायची नाही, त्यांना आपली झोप परत हवी आहे. पहिल्या प्रकरणात त्यांना शांत झोपलेलं दाखवा, खुनाच्या रात्रीपासून जागं ठेवा, आणि शेवटच्या पानावर खिडकीशी नेऊन परत बिछान्यात आणा. तुमच्या प्रत्येक भागाचा सांगाडा तयार होईल.

आता भावाचं म्हणणं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर आणि काळा पहाडवर कित्येक पिढ्या पोसल्या. त्या वाचकाला नायक म्हटलं की वेग आणि धाडस लागतं, आणि अलीकडच्या काळात त्यात जखमी नायकाची भर पडली. त्या जखमी नायकांबद्दल मला आदर आहे, पण ते वेगळ्या पुस्तकांचे रहिवासी आहेत. तुमच्या काकांना बुडालेली बायको दिलीत तर समुद्राकडे बघण्याचं प्रत्येक वाक्य त्या बायकोचं होऊन बसेल. मग ते होडी मोजताहेत असं वाचकाला वाटणारच नाही, ते रडताहेत असं वाटेल. तुमचं सगळ्यात मोठं हत्यार तुम्हीच बोथट कराल. शिवाय त्यांच्याकडे दुःख आहे की! विसाव्या शतकात जगभरातली दीपगृहं एकामागून एक स्वयंचलित झाली. ब्रिटनमधलं माणसाच्या हाती असलेलं शेवटचं दीपगृह 1998 साली यंत्राच्या स्वाधीन झालं. तुमचे काका त्या शेवटच्या पिढीतले. त्यांचा दिवा अजून पेटतो, रोज खिडकीतून दिसतो, आणि त्याला त्यांची गरज नाही. हे तुम्ही पुस्तकात कुठेच म्हटलेलं नाही. मोठ्याने म्हणूही नका. तिसऱ्या भागात कधीतरी त्यांना त्या मनोऱ्याच्या कुलपाजवळ नुसतं उभं करा.

इथे थोडं माझं सांगते. माझी आई शेवटचे सात महिने अंथरुणावर होती आणि रात्री मी तिला अशाच कथा वाचून दाखवायचे. खुनी कोण हे ती दुसऱ्या दिवशी विसरलेली असायची. पण प्रकरण संपलं की विचारायची, ‘त्या बाईंचं मांजर परत आलं का गं?’ कथेतलं कुणी सुखरूप आहे ना, हे कळल्याशिवाय तिला झोप येत नसे. तेव्हापासून या प्रकाराला कुणी हलकंफुलकं म्हटलं की मला वाईट वाटतं. या पुस्तकांत मृत्यू घडतो, खोटं बोललं जातं, मत्सर असतो, आणि तरीही दुसऱ्या दिवशी कुणीतरी छत्री परत द्यायला येतं. आजारी, एकट्या, रात्री जाग्या असलेल्या माणसांना याची केवढी गरज असते ते मी पाहिलंय. भावाला हे पटवायला जाऊ नका. तो तुमचा वाचक नसेलही, आणि त्यात काही बिघडत नाही. साठाव्या पानाची त्याची तक्रार मात्र घ्या, ती सोन्यासारखी आहे. तिच्याकडे येतेच.

त्याआधी बेट. बेट निवडलंत ते छान केलंत, पण अजून ते तुम्ही देखाव्यासारखं वापरताय. ख्रिस्तीने 1939 साली दहा माणसांना एका बेटावर नेऊन सोडलं तेव्हा बेट हा सापळा होता, बाहेर जायची वाट नाही म्हणून भीती. तुमचं बेट हे लोकांचं घर आहे, म्हणून तिथली बंदिस्ती वेगळ्या कामाला येते. तिथे कुणाला कुणापासून लांब जाता येत नाही. ज्याच्यावर संशय आहे तोच उद्या बोटीत शेजारी बसणार आणि त्यालाच ‘जरा पिशवी धरा’ म्हणावं लागणार. हा अवघडलेपणा तुमच्या कथेचा ताण आहे. पाठलागाची गरजच नाही.

आणि घाई? घाई बेट करेल, काकांना करायला लावू नका. बोट दिवसातून दोनदा आहे ना? मग संध्याकाळच्या बोटीने कुणीतरी कायमचं निघून जाणार आहे हे दुपारी कळू द्या. काका त्याच संथ चालीने चालतील, वाचकाचा मात्र जीव वरखाली होईल. संथ माणूस आणि न थांबणारी बोट हे एका पानावर आले की लेखकाला वेगळा थरार घालावा लागत नाही.

समुद्राचं गणितही मन लावून शिकून घ्या, कारण काकांना ते पाठ असणार. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. काल रात्री दहाला पाणी चढलं असेल तर आज जवळजवळ अकरा वाजतील. बाहेरून आलेल्या माणसाने कालची वेळ बघून आजचा बेत आखला की तो इथेच फसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तिचा चढउतार कमी. एखादी वाळूची वाट फक्त उधाणाच्या ओहोटीतच उघडी पडते असं ठरवलंत तर कोण कुठल्या रात्री पलीकडे गेला असेल हे पंचांग बघून सांगता येईल. कॅलेंडरवरचा चंद्र तुमच्या कथेत साक्षीदार होईल!

दिव्याचं गणित तर त्याहून सुरेख आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा किती लांबून दिसेल हे त्याच्या उंचीवर आणि बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर ठरतं. पाण्यापासून 30 मीटर उंचीवरचा दिवा किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला साधारण 24 किलोमीटरपर्यंत थेट दिसतो. त्यापलीकडे फार तर आकाशात उजेडाची झाक दिसेल, दिवा दिसणार नाही. आता कल्पना करा, संशयित सांगतो की त्या रात्री मी छोट्या होडीत बसून मासे धरत होतो, बेटापासून पार 40 किलोमीटरवर, आणि तिथून दीपगृहाचा दिवा स्वच्छ दिसत होता. पोलीस ते लिहून घेतात. वाचकही वाचून पुढे जातो. काका त्याला एवढंच विचारतात, ‘दिवा दिसत होता? बरं वाटलं ऐकून.’ असा धागा दुसऱ्या कुठल्याही नायकाला सापडणार नाही. रहस्यकथेत नायकाचा व्यवसाय नुसता रंगासाठी ठेवू नये, उलगडा त्याच व्यवसायातून निघावा असं माझं ठाम मत आहे.

किती खून, हा तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीचा प्रश्न या प्रकारातला जुना आणि रास्त प्रश्न आहे. 1984 ते 1996 या काळात चाललेल्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत कॅबट कोव्ह नावाच्या काल्पनिक गावात एवढे खून झाले की चिमुकल्या गावातल्या अशक्य खुनांच्या प्रमाणाला त्या गावाचंच नाव पडलं. मालिकेचे 264 भाग झाले. त्यांनी नायिकेला लेखिका केलं होतं, म्हणून तिला गावोगाव पाठवता आलं. काकांना तुम्ही हलवू शकत नाही, हलवूही नये.

मग काय करायचं? प्रत्येक भागात खून हवाच, हा हट्ट सोडा. निनावी पत्रं सहाशे माणसांच्या वस्तीत खुनाइतकीच विषारी असतात, कारण लिहिणारा रोज भेटणाऱ्यांपैकीच कुणीतरी असतो. चाळीस वर्षांपूर्वी बुडाला म्हणून समजलेल्या माणसाची नोंद काकांच्या जुन्या वहीशी जुळत नाही, एवढ्यावर एक अख्खी कादंबरी उभी राहील, आणि माझं ऐकाल तर दुसरा भाग हाच करा. त्यात ताजं प्रेत नाही, काकांची वही आहे, आणि त्या रात्री पहाऱ्यावर कोण होतं हा प्रश्न त्यांच्याच दाराशी येऊन थांबतो. तुमच्या भावाला हवी असलेली धार इथे मिळेल, बायकोला न बुडवता.

दुसरं असं की झालेल्या खुनाचा माग पुढच्या भागात राहू द्या. पहिल्या कादंबरीत जो खुनी निघतो त्याचं घर दुसऱ्या भागात बंद असलं पाहिजे. त्याच्या बायकोशी कोण बोलतं, कोण टाळतं, मुलांना बोटीत जागा कोण देतं. सहाशेपैकी दोन माणसं गेली तर ती जागा रिकामी दिसायला हवी. वाचकाला खुनांची संख्या खटकते ती बहुतेक वेळा गाव सगळं विसरून पुन्हा हसतं म्हणून. गावाने लक्षात ठेवलं तर वाचक माफ करतो.

आता साठावं पान. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यातले काही काळाने मागे पडले, पण दोन आजही लागू आहेत. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असला पाहिजे, आणि नायकाला मिळालेला धागा वाचकापासून लपवता येत नाही. तुम्ही दोन्ही पाळलेत. मग भावाला कळलं कसं? तुम्ही कथानकाचा गोषवारा दिलाय त्यावरून मला कारण दिसतं. तुमच्या बेटावर सगळेच गोड आहेत आणि एकच माणूस तुसडा आहे. त्यात तो नवा आलेला, पैशांबद्दल बोलणारा, मांजराला हाकलणारा. वाचकाला तर्क करावाच लागत नाही, नावडता माणूस निवडला की झालं. निवांत कथेत हा खड्डा नेहमी असतो, कारण लेखिकेचा आपल्या पात्रांवर जीव असतो आणि खुनी म्हणून तिला आपलं माणूस द्यायला जड जातं.

द्या. तुम्हाला लिहिताना ज्याच्यावर माया जडली त्यांच्यातलाच एक खुनी करा. आणि तुसड्या माणसाला शेवटी एक चांगली कृती करू द्या. त्याने रात्रीची काहीतरी लपवलेली गोष्ट आहे म्हणून तो संशयास्पद वाटत होता, आणि ती गोष्ट म्हणजे तो कुणाच्यातरी आजारी आईची सोबत करायला जात होता, असं काहीतरी. या दिशाभुलीने कथा फिरते आणि ऊबही वाढते.

धागे लपवायची रीतही सांगते. धागा परिच्छेदाच्या शेवटी ठेवू नका, तिथे वाचकाचा डोळा थांबतो. चार वस्तूंची यादी असेल तर तो तिसरा येऊ द्या. धाग्यापाठोपाठ काहीतरी मोठ्याने घडू द्या, कपबशी फुटू द्या, भांडण सुरू होऊ द्या. आणि निवांत कथेत सगळ्यात सोपी लपण्याची जागा म्हणजे गप्पा. ट्रंकेचा धागा मी वर मोडक्या छत्रीत लपवला, तसं. मुख्य म्हणजे कथा लिहिण्याआधी गुन्हा सरळ क्रमाने, खुन्याच्या नजरेतून, तीनचार पानांत लिहून काढा. किती वाजता निघाला, भरती कुठे होती, कुणी पाहिलं, घरी येऊन पहिलं काय केलं. ही पानं कुणाला दाखवायची नाहीत. पण ती नसली की लेखक शेवटी योगायोगाला हात घालतो, आणि वाचकाला तो कळतो.

पोलिसांबद्दल थोडक्यात. तुमचा फौजदार मूर्ख आहे. तो तसा नको. तो तरुण, चपळ, कामसू करा. त्याला बोटांचे ठसे, फोनच्या नोंदी, सगळं मिळू द्या. काकांना फक्त तेवढंच मिळू द्या जे बेटावर तीस वर्षं राहिल्याशिवाय मिळत नाही. दोघांनाही एकमेकांची गरज पडली की त्यांची मैत्री हीच मालिकेची दुसरी ओढ ठरेल. प्रकाशकाचा विचार मात्र पहिल्या भागाची दुरुस्ती झाल्याशिवाय करू नका.

दुरुस्तीला कुठून लागायचं, तर शेवटापासून. उलगड्याच्या प्रकरणात तुम्ही सगळ्यांना एका खोलीत जमवलंय आणि काका अकरा पानं बोलतात. ज्या माणसाने दोनशे पानं ऐकून घेतलं तो अचानक भाषण करणार नाही. त्यांना खुन्याच्या घरी जाऊ द्या, एकटं, संध्याकाळी. ते म्हणतील, ‘सकाळच्या बोटीने फौजदार येतोय. तोवर बसतो मी तुझ्याबरोबर.’ रात्रभर दोघं बसतील. खुनी हळूहळू स्वतःच बोलेल, कारण गप्प बसलेल्या माणसासमोर फार वेळ गप्प राहवत नाही. ही पाचवी वेळ असेल काकांनी खुर्चीतून उठायची. मैत्रिणीला मोजायला सांगा.

आणि मध्यरात्रीनंतर, दोन वाजता, दोघांपैकी एकजण उठून खिडकीशी जाईल. तो कोण असेल हे मला माहीत नाही. ते प्रकरण लिहून झालं की पाठवा, मी वाट बघतेय.

तुमची,
ताई